बातमी आणि अफवा

लोकशाहीत राज्य लोकांचे असते, असे आपण नागरिकशास्त्रात शिकतो. परंतु ज्या लोकांना राज्यकारभाराची माहितीच नाही, त्यांनी राज्य करावे तरी कसे? आपले खांडबारा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील एक लहानसे गाव. विधानसभा भरते ती मुंबईस आणि नागपुरास. आपण निवडून दिलेला प्रतिनिधी तेथे काय बोलला, पाण्याच्या योजनेसाठी मंजूर झालेला पैसा कोठे खर्च झाला, हे येथे बसून आपल्याला दिसत नाही. ते पाहण्यासाठी समाजाला दूरवर पोहोचणारे डोळे लागतात. हे डोळे म्हणजे वृत्तपत्रे होत. आज त्यांच्या जोडीला नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि हातातला मोबाईलही आला आहे.

वृत्तपत्र हे समाजाचे डोळे आहेत, तशीच ती त्याची वाणीही आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. त्यात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापला जाई. त्यामुळे राज्यकर्ता आणि प्रजा दोघांनाही ते पत्र वाचता येई. पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढले. ज्यांचे दुःख इतर पत्रांत क्वचितच उमटे, त्यांना या पाक्षिकाने वाचा दिली. पत्राच्या नावातच त्याचा हेतू सांगितलेला आहे.

परंतु हेतू चांगला असला म्हणजे पुरते काय? कोल्हापूर प्रकरणाकडे पाहा. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा, चौथ्या शिवाजी महाराजांचा, छळ होत आहे अशी चर्चा तेव्हा सर्वत्र होती. ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी दिवाण बर्वे यांच्यावर कडक टीका केली. ज्या पत्रांच्या आधारे ती केली होती, ती न्यायालयात बनावट ठरली. १८८२ साली टिळक आणि आगरकर या दोघांना शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे १८८३ साली त्या दुर्दैवी छत्रपतींचा अहमदनगर येथे नजरकैदेतच अंत झाला. म्हणजे संपादकांची चिंता खोटी नव्हती, पुरावा मात्र खोटा होता. सत्याची बाजू घेणाऱ्यानेही पुरावा पारखूनच घेतला पाहिजे, हा या प्रकरणाचा धडा आहे.

त्या काळी बातमीखाली संपादकाची जबाबदारी असे. ती चुकली तर तो तुरुंगात जाई. आज मोबाईलवरून फिरणाऱ्या मजकुराचा लिहिणारा कोण, हे पुष्कळदा कोणालाच ठाऊक नसते. याचा परिणाम किती भयंकर होतो, हे आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्याने पाहिले आहे. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवड्याच्या बाजारासाठी लोक जमलेले असताना, जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. ती माणसे भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या जमातीतील होती. कोणी एकाने जरी ‘हे खरे कशावरून?’ असे विचारले असते आणि इतरांनी ते ऐकले असते, तर ते पाच जण आपल्या घरी परतले असते.

काही लोक म्हणतात, ‘एवढा अनर्थ होतो, तर सरकारनेच सर्व बातम्या तपासून मग छापू द्याव्यात.’ हा उपाय मला रोगाहून वाईट वाटतो. १९७५ साली आणीबाणीत तो करून पाहण्यात आला. छापण्यापूर्वी मजकूर सरकारी अधिकाऱ्यास दाखवावा लागे. त्यामुळे सत्ताधाऱ्यांस न रुचणारे सत्य दडपले गेले, आणि जेथे खरी बातमी मिळेनाशी होते तेथे अफवेलाच पाय फुटतात. डोळ्यांत कचरा गेला तर डोळे धुवावेत, ते बांधून ठेवू नयेत. खोटे पसरवणाऱ्यास कायद्याने जरूर शिक्षा व्हावी, पण प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद होऊ नये.

मुलांनो, अजून तुम्हांला मताचा अधिकार नाही, पण वाचकाचा अधिकार आजही आहे. बातमी वाचताना तीन प्रश्न विचारा : हे कोण सांगतो? त्याला हे कसे कळले? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे काय? उत्तर मिळेपर्यंत ती बातमी पुढे पाठवू नका. शेतकरी बियाणे पारखल्याशिवाय पेरीत नाही. शब्द हेही बियाणेच आहे. ते कोणाच्या शेतात पडेल आणि त्यातून काय उगवेल, हे पेरणाऱ्याने आधीच पाहिले पाहिजे. असे जागरूक वाचक गावोगावी निर्माण झाले, तर वृत्तपत्रेही अधिक जबाबदार होतील आणि राज्य खऱ्या अर्थाने लोकांचे होईल.