कौल आणि कस

गाण्याची स्पर्धा ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणेशोत्सवाच्या मंडपात, भजनी मंडळांच्या मेळाव्यात अशा स्पर्धा होतच असतात. तेथे जाणते परीक्षक बसतात. गायकाचा स्वर, ताल आणि शब्दोच्चार पारखून ते निकाल देतात. श्रोते मनमुराद टाळ्या वाजवितात. परंतु निकाल त्यांच्या हाती नसतो. एकविसाव्या शतकाच्या आरंभी दूरचित्रवाणीने ही रीत पालटली आणि निकालाची दोरी श्रोत्यांच्याच हाती दिली.

२००१ साली ब्रिटनमध्ये ‘पॉप आयडॉल’ नावाची एक स्पर्धा दूरचित्रवाणीवर सुरू झाली. परीक्षकांनी प्रथम नवोदित गायक निवडावेत, पुढे प्रेक्षकांनी घरबसल्या मते द्यावीत, ज्याला सर्वांत कमी मते मिळतील त्याने निरोप घ्यावा आणि शेवटी उरेल तो विजेता, अशी तिची योजना होती. ही योजना लोकांना इतकी आवडली, की अनेक देशांतील वाहिन्यांनी ती आपापल्या देशात आणली. २००२ साली अमेरिकेत ‘अमेरिकन आयडॉल’ आणि २००४ साली भारतात ‘इंडियन आयडॉल’ सुरू झाले. साचा परदेशी, गाणी, गायक आणि श्रोते मात्र आपले. मुंबईचा अभिजीत सावंत हा तरुण मार्च २००५ मध्ये भारतातील पहिला विजेता ठरला. पुढे २०२१ साली या स्पर्धेची मराठी आवृत्तीही निघाली आणि अजय-अतुल हे संगीतकार बंधू तिच्या परीक्षकपदी बसले.

या स्पर्धांनी एक मोठे काम केले, यात शंका नाही. ज्यांना मुंबईत कोणी ओळखीचे नव्हते, अशा दूरदूरच्या तरुणांना त्यांनी व्यासपीठ दिले. परंतु लोकांच्या मतांनी गाण्याचा कस लागतो काय, हा प्रश्न मात्र विचार करण्यासारखा आहे. माझ्या मते तो लागत नाही. मते मोजून कळते ते एवढेच, की कोणत्या गायकासाठी किती लोक झटले. उत्तम कोण गायले, हे त्यावरून कळेलच असे नाही.

२००७ सालच्या तिसऱ्या पर्वाची हकीकत पाहा. अंतिम फेरीत दोन गायक उरले होते. एक दार्जिलिंगचा प्रशांत तमांग. तो कोलकाता पोलीस दलात शिपाई होता. दुसरा शिलाँगचा अमित पॉल. दोघेही अशा भागांतले, की ज्यांची देशातील इतर लोकांना क्वचितच आठवण होते. साहजिकच त्या त्या भागातील लोकांचा उत्साह अनावर झाला. दार्जिलिंगच्या डोंगराळ मुलखात लोकांनी वर्गण्या जमविल्या आणि त्या पैशातून भ्रमणध्वनीवरून मतांचे संदेश पाठविले. एकच मनुष्य कितीतरी मते देऊ शकत असे. म्हणून मतांमागे माणसांबरोबर पैसाही उभा राहिला. शेवटी प्रशांत विजयी झाला.

शिलाँगमध्ये या स्पर्धेने एक सुंदर गोष्ट घडविली. तेथे खासी लोक आणि बाहेरून येऊन वसलेले लोक यांच्यात अनेक वर्षे तेढ होती. अमितच्या निमित्ताने हे सारे एकत्र आले, एकाच गायकासाठी झटले. गाण्याची ही शक्ती थोर आहे. परंतु याच स्पर्धेच्या निकालानंतर दिल्लीतील एका रेडिओ निवेदकाने प्रशांतविषयी अवमानकारक उद्गार काढले. नेपाळी भाषिकांची मने दुखावली. सिलीगुडी शहरात निषेधाचा मोर्चा निघाला, त्याला हिंसक वळण लागले, संचारबंदी पुकारावी लागली आणि सैन्यही बोलवावे लागले. एका गाण्याच्या स्पर्धेनंतर शहरात सैन्य यावे, हे केवढे आश्चर्य! याचे कारण उघड आहे. लोक गाण्याला मत देत नव्हते. ते आपल्या गावाला, आपल्या भाषेला, आपल्या मानाला मत देत होते. म्हणूनच गायकाचा अपमान हा साऱ्या समाजाचा अपमान वाटला.

मग जे हरले, त्यांचे काय झाले? २००५ साली ‘फेम गुरुकुल’ नावाची अशाच परदेशी साच्यावर बेतलेली दुसरी स्पर्धा झाली. तीत अरिजित सिंग नावाचा एक तरुण होता. तो जिंकला नाही. पुढे त्याचा आवाज घराघरांत पोहोचला. नेहा कक्कर ‘इंडियन आयडॉल’च्या दुसऱ्या पर्वातून बाहेर पडली, काही वर्षांनी त्याच स्पर्धेत ती परीक्षक म्हणून बसली. अमेरिकेतील जेनिफर हडसन हिला २००४ साली सातव्या क्रमांकावर थांबावे लागले. २००७ साली तिला चित्रपटातील अभिनयासाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले. एका रात्रीचा कौल हा शेवटचा निवाडा नसतो, हे यावरून दिसून येईल. खरा निवाडा वर्षानुवर्षांच्या साधनेने होतो.

कोणी म्हणेल, परीक्षक तरी कोठे निर्दोष असतात? तेही माणसेच, त्यांच्याही आवडीनिवडी असतात. हे खरे आहे. शिवाय गाणे लोकांसाठी असते, तेव्हा लोकांच्या प्रेमाला तुच्छ लेखणे बरे नव्हे. पोलिसाची नोकरी करणाऱ्या एका शिपायावर लाखो लोकांनी प्रेम केले, यात वाईट ते काय? लोकांचे प्रेम ही मोलाची वस्तू आहे. फक्त प्रेमाला प्रेम म्हणावे आणि परीक्षेला परीक्षा म्हणावे. एकाचे काम दुसऱ्यावर सोपविले, म्हणजे दोन्ही बिघडतात.

बालमित्रांनो, ही गोष्ट केवळ दूरचित्रवाणीपुरती नाही. तुमच्या शाळेत वक्तृत्वाची स्पर्धा होते, तेव्हा आपल्या वर्गाच्या मुलासाठी तुम्ही हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजविता. अवश्य वाजवा! परंतु दुसऱ्या वर्गाची मुलगी अधिक चांगली बोलली, तर तेही मनात प्रामाणिकपणे नोंदवा, आणि जमल्यास तिला जाऊन सांगा. आपल्या माणसावर प्रेम करणे सोपे असते; परक्याचा गुण ओळखण्यासाठी कान आणि मन दोन्ही तयार करावे लागतात. तुमच्यापैकी कोणी उद्या अशा मंचावर उभे राहील आणि कदाचित हरेलही. त्या दिवशी लोकांनी आपल्याला निवडले नाही, एवढेच मनाशी म्हणावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रियाजाला बसावे.