सहा महिन्यांचा निवाडा, पण संमतीनंतर

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणून करारात लवादाचे कलम घालायचे आणि भांडण झाले की त्याच लवादात वर्षे घालवायची, हा आपला शिरस्ता. १९९६च्या लवाद कायद्यात २०१५च्या दुरुस्तीने घातलेले कलम '२९ ब' हा त्यावरचा उतारा. पक्षांनी लेखी संमती दिली की लवादाने सहा महिन्यांत निवाडा द्यायचा. तोही लेखी म्हणणे आणि कागदपत्रे पाहून. तोंडी सुनावणी सर्वांनी मागितली किंवा लवादाला गरज वाटली तरच. एकच लवाद नेमता येतो, त्यामुळे तिघांच्या तारखा जुळवण्याची कसरत टळते. थकलेल्या बिलांच्या वादाला याहून अधिक काय लागते?

घोडे अडते ते संमतीपाशी. ज्याला पैसे द्यायचे आहेत, त्याला घाई कशाची? वाद पेटल्यावर तो सही करणार नाही. ती कराराच्या वेळीच घ्यायला हवी. निवाड्यानंतर कलम ३४ खाली न्यायालयाची वाट उरतेच. नुसत्या अर्जाने आता स्थगिती मिळत नाही, एवढाच दिलासा.

आणि सर्वात मोठा पक्षकार, म्हणजे सरकार? केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जून २०२४मध्ये सरकारी खरेदीच्या कंत्राटांत लवाद सरसकट नको, साधारणपणे दहा कोटींखालच्या वादांपुरता ठेवा, असे बजावले. मग निदान तेवढ्या वादांसाठी तरी सरकारने आपल्या छापील करारनाम्यांत '२९ ब' आधीच लिहून टाकावे.