एक्स-रेवरचा जुना डाग

वाशीम हा कोरडवाहू सोयाबीनचा जिल्हा. नीती आयोगाने २०१८ मध्ये त्याचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत केला. अशा भागातील तरुणाला आखातातील रोजगार खुणावतो, यात नवल नाही. मात्र पारपत्र व नोकरीचे पत्र हाती आले तरी त्याची वाट एका वैद्यकीय तपासणीवर अडू शकते. पूर्वी 'गामका' आणि आता 'वाफिद' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यवस्थेत सहाही आखाती देशांसाठी केवळ मान्यताप्राप्त केंद्राचाच दाखला चालतो. एचआयव्ही, कावीळ ब व क आणि क्षयरोग आढळल्यास उमेदवार अपात्र ठरतो.

यातील क्षयरोगाचा निकष सर्वाधिक जाचक आहे. रोग पूर्ण बरा झाला, तरी फुप्फुसावर राहिलेला जुना व्रण एक्स-रेत दिसतो आणि तेवढ्यावर माणूस अपात्र ठरू शकतो. तो संसर्ग पसरवत नाही, हे वैद्यकशास्त्र सांगते. नियम ते ऐकत नाही! परिणामी, औषधोपचार नेटाने पूर्ण करणाऱ्यालाच शिक्षा होते. परदेशाची आस असलेला खोकला लपवू लागला, तर नुकसान त्याच्या घराचे आणि गावाचेही.

दुसरा प्रश्न पैशांचा. नोंदणीकृत दलालाला सेवाशुल्कापोटी ३० हजार रुपये व त्यावरील कर एवढेच घेता येतात. व्यवहारात उसनवारी त्याहून मोठी होते, आणि तपासणी येते ती बहुधा त्यानंतर. प्रवासी भारतीय विमा योजनेत, विमा घेतल्यापासून पहिल्या १२ महिन्यांत वैद्यकीय कारणाने नोकरी गेल्यास परतीचे भाडे मिळते. निघण्यापूर्वीच अपात्र ठरलेल्याचा विचार तीत नाही.

आखाती निकष बदलणे वाशीमच्या हाती नाही. तो केंद्राने राजनैतिक पातळीवर मांडावयाचा विषय आहे. क्रम बदलणे मात्र शक्य आहे. दलालाला पहिला रुपया देण्याआधी जिल्हा रुग्णालयात छातीचा एक्स-रे आणि रक्ततपासणी करून घेता आली पाहिजे. त्या अहवालाला व्हिसासाठी किंमत नसेल, पण कर्ज काढावे की नाही हे त्यावरून ठरेल. २०२४ मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही मिळाले आहे. समृद्धी महामार्गाने मुंबई जवळ आली खरी. तथापि तेथे जाऊन नकार ऐकण्यापेक्षा तो आपल्याच गावी, कर्ज काढण्यापूर्वी कळलेला बरा.