पिशवी घरची, प्रश्न बाजाराचा

महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली २३ मार्च २०१८ रोजी. तीन महिन्यांची सवलत संपली आणि २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांची कैद, अशी कडक तरतूद. सुरुवातीला लोक मटणाच्या दुकानात डबा घेऊन जाऊ लागले, कपाटाच्या तळाशी गेलेल्या कापडी पिशव्या बाहेर आल्या. पण काही दिवसांतच किराणा दुकानांना सुट्या मालाच्या पॅकिंगसाठी मुभा मिळाली आणि पाठोपाठ पातळ पिशव्याही भाजीच्या गाड्यांखाली परतल्या. पुढे केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, पेले, ताटल्या, मिठाईच्या खोक्यावरचे वेष्टन अशा एकदाच वापरायच्या वस्तूंवर देशभर बंदी घातली. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगही बेकायदा ठरली. कायदा आहे आणि प्लास्टिक चांगले असे म्हणणारा माणूसही सहसा भेटत नाही. तरी घराघरातला सुक्या कचऱ्याचा डबा रोज भरतोच.

याची दोन तयार उत्तरे आहेत. लोकांनाच शिस्त नाही, हे एक. कंपन्या आणि सरकार काही करत नाहीत, तिथे सामान्य माणूस काय करणार, हे दुसरे. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत, कारण दोन्हींमध्ये दोष दुसऱ्याचा असतो. दोन्हींत तथ्यही आहे. कुठल्या उत्तरात किती, हे पाहायचे तर घरात येणाऱ्या प्लास्टिकची जरा वर्गवारी करावी लागेल.

पहिल्या उत्तरापासून सुरुवात करू. आपण मागून घेतलेले, कोणी गळ्यात न मारलेले प्लास्टिक किती? मकरसंक्रांत ते रथसप्तमी या दिवसांतले हळदीकुंकू आठवा. वाण म्हणून डझनाच्या भावाने आणलेल्या प्लास्टिकच्या डब्या, गाळण्या, साबणदाण्या. प्रत्येक वस्तू पुन्हा स्वतंत्र पिशवीत, कारण ‘तशीच कशी द्यायची’. संध्याकाळी चार घरे फिरून आलेल्या बाईकडे एकसारख्या तीन डब्या जमतात आणि त्यांतल्या दोन माळ्यावर जातात. इथे कोणतीही कंपनी आडवी येत नाही. परवडत नाही म्हणावे, तर गुळाची छोटी ढेप, नारळ, तुळशीचे रोप, पणती हे सगळे त्याच भावात बसते. घरगुती कार्यक्रमातले ‘यूज अँड थ्रो’ पेले, पाच रुपयांच्या कोथिंबिरीला वेगळी आणि मिरच्यांना वेगळी पिशवी, घरीच जेवायचे असताना पार्सलसोबत घेतलेले चमचे हेही त्याच जातीचे. ‘आम्ही काय करणार’ हे वाक्य इथे चालणार नाही.

आता दुसरी बाजू. दूध पिशवीत येते, तेल पाकिटात, बिस्किटे चकचकीत वेष्टनात, औषधे स्ट्रिपमध्ये आणि बाजारातल्या बहुतेक सॅनिटरी पॅडमध्ये प्लास्टिकचा थर असतोच. या वस्तू टाळणे म्हणजे त्या गरजाच टाळणे. शिवाय हे पॅकिंग नुसते कंपन्यांच्या लोभातून आलेले नाही. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ झाली, ड्रॉप्सीची साथ आली आणि माणसे दगावली. त्यानंतरच खाद्यतेल सीलबंद पाकिटातून विकण्याचा आदेश निघाला. सुट्या तेलाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी हे विसरू नये. कोकणातल्या पावसात रवा आणि पोहे कोरडे राहतात, एकटी राहणारी म्हातारी पाव किलो डाळ निर्धास्तपणे आणू शकते, ही प्लास्टिकचीच देणगी आहे. आणि ज्याची मजुरी रोजच्या रोज हातात येते, तो एक-दोन रुपयांची शॅम्पूची पुडी घेतो. त्याला ‘मोठी बाटली घ्या, स्वस्त पडते, कचराही कमी होतो’ असे सांगणे हिशेबाने बरोबर आहे, पण महिन्याचा पगार एकरकमी मिळणाऱ्यानेच द्यावा असा तो सल्ला आहे.

या चर्चेत एक गोष्ट फार क्वचित बोलली जाते. प्लास्टिक कमी करायचे म्हणजे घरातले काम वाढवायचे, आणि ते काम बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या वाट्याला येते. पिशव्या धुणे, वाळवणे, ऑफिसच्या पर्समध्ये आठवणीने घालणे, सुटा माल मिळणारे दुसरे दुकान गाठणे, आणलेला माल निवडून बरण्यांत भरणे, दुधाच्या पिशव्या विसळून दोरीवर अडकवणे. काचेची बरणी दिसते देखणी, पण ती घेऊन लोकलमध्ये चढणाऱ्या बाईला तिचे वजन विचारा. ‘आमच्या आजीच्या काळात कुठे होते प्लास्टिक?’ असे म्हणताना आजी दिवसभर घरात राबत होती आणि वाणी कागदाचा पुडा दोऱ्याने बांधून देत होता, हे दोन्ही आपण वगळतो. सकाळी सातला घराबाहेर पडून रात्री आठला परतणाऱ्या बाईने विकतची कॅरीबॅग घेतली, तर तिला पर्यावरणाचे धडे देण्याआधी घरातल्या इतरांनी पिशवी कधी उचलली, हे विचारायला हवे.

शिवाय पर्याय म्हणून जे हाती दिले जाते, तेही निर्दोष असतेच असे नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, हवामानावरच्या परिणामापुरता हिशेब केला, तर सुती पिशवी १३१ वेळा वापरली तरच ती एकदा वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. हिशेब तिकडच्या बाजाराचा आहे आणि पिशवीने नाल्याचे किंवा गायीच्या पोटाचे काय होते, हे त्यात मोजलेले नाही. पण इशारा आपल्यालाही लागू आहे. लग्नात, संमेलनात, दुकानाच्या उद्घाटनाला मिळालेल्या कापडी पिशव्या कपाटात साठवून ठेवणे म्हणजे प्लास्टिक कमी करणे नव्हे. ‘कापडासारखी’ दिसणारी रंगीत नॉन-वोव्हन पिशवी तर सहसा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. चहाच्या कागदी कपालाही आतून सहसा प्लास्टिकचा पातळ थर असतो.

मग सवयी बदलतच नाहीत का? बदलतात, टिकतातही; फक्त त्यांना बाजाराने जागा ठेवलेली असावी लागते. कोणत्याही गावातली पिठाची गिरणी पाहा. काउंटरसमोर ओळीने मांडलेले स्टीलचे, पत्र्याचे डबे, कुणावर रंगाने लिहिलेले आडनाव, कुणात खोचलेली चिठ्ठी: ज्वारी बारीक, गहू मध्यम. तयार पिठाची पाकिटे येऊन कित्येक वर्षे झाली, तरी दळणाचा डबा टिकून आहे. हा डबा घेऊन जाणारा स्वतःला पर्यावरणवादी समजत नाही. गिरणीवाल्याने सगळा धंदाच गिऱ्हाइकाच्या डब्याभोवती बसवला आहे, डबा विसरून गेलात तर अडचण तुमची होते. भाजीच्या गाडीवर नेमके उलटे आहे. तिथे पिशवी न आणणाऱ्याची सोय होते आणि ती न देणारीचे गिऱ्हाईक शेजारच्या गाडीकडे जाते. म्हणून भाजीवाली पदरच्या पैशांनी पिशव्या ठेवते, आणि धाड पडली की ५,००० रुपयांची पावतीही तिच्याच नावाने फाटते. गिऱ्हाईक तेच असते, त्याची नीतिमत्ताही तीच. फरक आहे तो व्यवहाराच्या रचनेत.

रचना बदलता येते, याचे उदाहरण दूर शोधायला नको. तामिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्यात मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये सरकारी दारू दुकानांनी बाटलीमागे १० रुपये जादा घ्यायचे आणि रिकामी बाटली परत आणली की ते परत द्यायचे, अशी पद्धत सुरू केली. बाटल्या परत येऊ लागल्या आणि योजना पुढे इतर जिल्ह्यांतही गेली. मद्यपींना पर्यावरणाचे भान अचानक आले नव्हते, दहा रुपयांचे भान मात्र होते. आपल्याकडे ही कल्पना त्याही आधीची आहे. २०१८ च्या अधिसूचनेतच दुधाच्या पिशवीमागे किमान ५० पैसे देऊन ती परत घेण्याची अट होती. २०१९ मध्ये विधिमंडळात तिची पुन्हा घोषणाही झाली. आज सकाळी दूध आणायला गेलेल्या कितीजणांना रिकाम्या पिशवीचे पैसे मिळाले?

कारखान्याच्या दाराशी कायदा कसा मऊ होतो, हेही पाहण्यासारखे आहे. वेफर्स, बिस्किटे, शॅम्पूच्या पुड्या यांचे वेष्टन अनेक थर एकमेकांना चिकटवून केलेले असते. ते थर वेगळे करणे अवघड, म्हणून त्याला भंगारात भाव नाही. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद दारोदार कचरा गोळा करतात. त्यांच्या वर्गीकरणात पाण्याची बाटली, दुधाची पिशवी, जाड प्लास्टिक विकायला बाजूला निघते. चकचकीत पाकिटांचा ढीग उरतो. २०१६ च्या केंद्रीय नियमांत पुनर्वापर न होणारी अशी वेष्टने दोन वर्षांत बंद करण्याचे ठरले होते. २०१८ मध्ये नियमाची भाषा बदलली. ज्यापासून ऊर्जा मिळवता येते किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग आहे, ते वेष्टन चालेल असे झाले. जाळता येते म्हटल्यावर सुटले कोण नाही? २०२२ पासून उत्पादकांवर आपापल्या वेष्टनांची विल्हेवाट लावण्याची वार्षिक उद्दिष्टे आली, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. पण ते प्रमाणपत्रांच्या देवघेवीत अडकले, तर घंटागाडीत पडणाऱ्या कचऱ्याला काहीच फरक पडणार नाही.

म्हणजे कुटुंबाने हात वर करावेत का? नाही. कुटुंबाने आपल्या ताब्यातले आणि ताब्याबाहेरचे वेगळे करावे. वाण, समारंभ, कॅरीबॅग, पार्सलचे चमचे हे आपल्या हातात आहे; ते बंद करायला कोणत्याही योजनेची वाट पाहायला नको. दूध, तेल, औषधे यांच्याबद्दल अपराधी वाटून घेण्यात अर्थ नाही. मात्र ते वेष्टन कोरडे आणि वेगळे देणे हे काम आपलेच. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नये, नुसती चीर द्यावी. तो चिमूटभर तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, पिशवी मात्र विकली जाते. घरातले टिकाऊ प्लास्टिकचे डबे फेकून बांबूचा आणि काचेचा नवा संसार मांडणे ही तर उधळपट्टी. आहेत ते मोडेपर्यंत वापरावेत. आणि पिशवी धुण्या-वाळवण्याचे, कचरा वेगळा करण्याचे काम वाटून घ्यावे. जो नियम एकटी आई पाळते, तो घराचा नियम नव्हे.

यापलीकडचे काम एकेका स्वयंपाकघरात होणारे नाही. सोसायटीने किंवा महिला मंडळाने स्टीलची ताटे-पेले घेऊन ठेवली, तर वीस घरांचे समारंभ यूज अँड थ्रोशिवाय होतात. मंडईतल्या सगळ्या गाळेवाल्यांनी एकाच दिवशी पिशवी बंद केली, तर कुणाचेच गिऱ्हाईक तुटत नाही; एकट्याने बंद केली तर तुटते. म्हणून प्लास्टिक कमी करण्याचा आग्रह घरातल्या माणसांपाशी जितका धरावा, त्याहून अधिक मंडईच्या संघटनेपाशी, नगरसेवकापाशी आणि दूध संघापाशी धरावा. मत मागायला येणाऱ्याला पाणी आणि रस्त्याबरोबर हेही विचारावे.

सरकारने नवी बंदी आणण्याची गरज नाही. आपल्याच अधिसूचनेतले ५० पैसे दूध संघांकडून आणि डेअऱ्यांकडून ग्राहकाला मिळवून द्यावेत, थरांच्या पाकिटांचा खर्च ती बनवणाऱ्यांकडून वसूल करावा. भाजीवालीच्या नावाने पावती फाडण्याचा अधिकार सरकारला आहेच, पण तो वापरण्याआधी एवढे करणे त्याचे कर्तव्य आहे.