आई-बाबांना 'कॅन्सरची ब्लड टेस्ट' भेट देण्याआधी हा हिशेब बघा



पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.

सणासुदीला भारतातल्या लॅब्जच्या ऑफर्स सुरू होतात. आपण इथे, आई-बाबा तिकडे. ऑनलाइन पैसे भरायचे, माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो आणि रिपोर्टची पीडीएफ आपल्या फोनवर येते. आपल्यालाही बरं वाटतं की चला, लांबून काहीतरी केलं. 'फुल बॉडी चेकअप'च्या महागड्या पॅकेजमध्ये हल्ली ट्यूमर मार्कर्स असतात आणि त्यात बऱ्याचदा सीए १९-९ असतं. स्वादुपिंडाचा, म्हणजे पॅन्क्रियाजचा कॅन्सर लवकर कळतो म्हणून ते विकलं जातं.

माझं मत सरळ सांगते. काहीही त्रास नसलेल्या, धडधाकट आई-बाबांसाठी ही टेस्ट विकत घेऊ नका. मी डॉक्टर नाही, चार्टर्ड अकाउंटंट आहे. (टेस्टच्या नावातही सीए आहे, हा निव्वळ योगायोग!) पण हा प्रश्न बराचसा आकड्यांचा आहे, म्हणून लिहितेय.

भीती खोटी नाही. अमेरिकेत हा कॅन्सर झालेल्या १०० जणांपैकी साधारण १३ जण पाच वर्षांनंतर हयात असतात. स्वादुपिंड पोटात खोल, जठराच्या मागे असतं. गाठ हाताला लागत नाही, सुरुवातीला दुखत नाही. कळतं तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत ऑपरेशनची वेळ निघून गेलेली असते. त्यामुळे 'एका ब्लड टेस्टमध्ये कळेल' म्हटलं की आपला हात खिशाकडे जाणारच.

आता टेस्टकडे बघू. सीए १९-९ हा रक्तात सापडणारा, साखरेच्या रेणूंची साखळी असलेला घटक. ३७ युनिटच्या आत नॉर्मल धरतात. पण पित्तनलिकेत खडा अडकला, कावीळ झाली, स्वादुपिंडाला सूज आली तरी तो वाढतो. उलट, ५ ते १० टक्के लोकांचं शरीर जन्मतःच हा घटक बनवत नाही. त्यांना कॅन्सर असला तरी रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो. निदान झालेल्या पेशंटला उपचार लागू पडतोय का, हे बघायला ही टेस्ट उपयोगी आहे. निरोगी माणसात कॅन्सर शोधायला नाही.

सोलमधल्या एका हॉस्पिटलने २००४ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. काही त्रास नसलेल्या ७०,९४० लोकांची ही टेस्ट झाली होती. १,०६३ जणांचा आकडा वाढलेला निघाला. त्यातल्या स्वादुपिंडाचा कॅन्सर असलेल्या व्यक्ती किती? चार.

बाकीच्या हजारभर घरांचा विचार करा. लाल अक्षरातला रिपोर्ट, मग सीटी स्कॅन, एमआरआय, कदाचित एंडोस्कोपी. आणि आपण सात समुद्रापार रात्री दोन वाजता गूगल करत बसलेलो. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०१९ मध्ये पुन्हा स्पष्ट सांगितलं की लक्षणं नसलेल्या सर्वसाधारण लोकांचं या कॅन्सरसाठी स्क्रीनिंग करू नये.

"अगं, पण आता नवीन टेस्ट येतायत ना?" येतायत, आणि आशा वाटावी अशा आहेत. पेन्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीच्या केन झॅरेट यांच्या गटाने २०१७ मध्ये टीएचबीएस२ हे प्रथिन सीए १९-९ च्या जोडीने मोजलं, तर निदान सुधारतं असं दाखवलं. पण टेस्ट कितीही चांगली असली तरी ती कोणावर करता, त्यावर तिची किंमत ठरते. ऑडिटमध्ये आम्ही प्रत्येक व्हाउचर तपासत नाही. जिथे गडबडीची शक्यता जास्त, तिथे आधी बघतो. इथेही तेच.

समजा एक भारी टेस्ट आली. १०० पैकी ९० कॅन्सर पकडते आणि १०० निरोगी माणसांत फक्त एकाला चुकून 'पॉझिटिव्ह' म्हणते.

पन्नाशीपुढच्या १ लाख सर्वसाधारण लोकांत तीन वर्षांत १०० जणांना हा कॅन्सर होतो असं धरू. टेस्ट ९० पकडेल आणि ९९९ निरोगी लोकांना घाबरवेल. पॉझिटिव्ह आलेल्या बारा जणांत खरा पेशंट एक.

आता पन्नाशीनंतर नव्याने डायबिटीस झालेले १ लाख लोक घ्या. मिनेसोटातल्या रोचेस्टरमध्ये डॉ. सुरेश चारी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की अशांपैकी ०.८५ टक्के लोकांत तीन वर्षांच्या आत हा कॅन्सर निघाला. सर्वसाधारण लोकांच्या जवळजवळ आठपट. म्हणजे ८५० पेशंट. तीच टेस्ट ७६५ पकडेल, ९९१ जणांना चुकीची सांगेल. पॉझिटिव्ह आलेल्या नऊ जणांत खरे पेशंट साधारण चार! टेस्ट तीच, फक्त माणसं नीट निवडली.

हे मी का लिहितेय? माझ्या काकांना त्रेसष्टाव्या वर्षी अचानक शुगर निघाली. सहा महिन्यांत आठ किलो वजन उतरलं. घरात सगळे म्हणाले, "वा, पथ्य मानवलं!" काका पथ्य पाळत नव्हते. ते लपूनछपून श्रीखंड खायचे, हे काकूला माहीत होतं. कावीळ झाली तेव्हा कळलं, आणि मग चार महिनेच मिळाले. त्यांच्या बाबतीत पॅकेज कमी पडलं नव्हतं. शुगर वाढतेय आणि वजन उतरतंय, या दोन नोंदी कोणी शेजारी ठेवून वाचल्या नाहीत.

घाबरू नका. आपल्याकडे डायबिटीस घरोघरी आहे आणि नव्याने झालेल्या १०० पैकी ९९ जणांना हा कॅन्सर नसतो. पण पॅकेजचे पैसे वाचवून हे करा:

१. पुढच्या व्हिडिओ कॉलवर आई-बाबांना वजन विचारा आणि तारखेसकट लिहून ठेवा. दर महिन्याला. सोबत शुगरचे आकडे.

२. पन्नाशीनंतर नवीन डायबिटीस, किंवा जुना अचानक बिघडलेला, आणि प्रयत्न न करता वजन उतरतंय, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "स्वादुपिंड बघायला हवं का?" यूकेच्या नाइसच्या मार्गदर्शक सूचनांत साठीपुढे वजन घटणं आणि सोबत नवीन डायबिटीस, पोटदुखी किंवा पाठदुखी असेल, तर दोन आठवड्यांत सीटी स्कॅनचा विचार करावा असं आहे. कावीळ दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर.

३. घरात कोणाला हा कॅन्सर झाला होता का, ते मोठ्यांकडून काढून घ्या. 'पोटाच्या आजाराने गेले' यावर थांबू नका. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला झाला असेल, तर बीआरसीए२ सारख्या जनुकांच्या तपासणीबद्दल जेनेटिक काउन्सेलरशी बोला. हे आपल्यासाठी आणि आपल्या मुलांसाठीही आहे. अशा जोखमीच्या १,४६१ लोकांवर अमेरिकेत नियमित एमआरआय आणि एंडोस्कोपिक सोनोग्राफीने लक्ष ठेवलं गेलं. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत, त्या तपासणीत सापडलेल्या नऊ कॅन्सरपैकी सात पहिल्याच टप्प्यात होते.

४. वडीलधाऱ्यांपैकी कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर ती सोडवायला मदत करा. हा कॅन्सर टाळण्यासाठी आपल्या हातात असलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट.

तुमच्या आई-बाबांच्या रिपोर्टमध्ये आधीच सीए १९-९ वाढलेलं आलं असेल, तर कृपया तो इथे टाकू नका आणि दुर्लक्षही करू नका. डॉक्टरांना दाखवा. बाकी कोणी आपल्या घरी हे वजन-शुगरचं टिपण ठेवत असेल तर कसं ठेवता, ते जरूर सांगा. माझ्या सासूबाई दर वेळी वजनकाटा बिघडलाय म्हणतात, त्यावर उपाय हवाय!