फिट, नाडी आणि मनगटावरचे घड्याळ



अपस्मार, म्हणजेच फिट येणे, हा लहानपणीचा आजार आहे, असा समज आजही दृढ आहे. वस्तुतः साठीनंतर आयुष्यात प्रथमच फिट येण्याचे प्रमाण पुन्हा वाढते. पक्षाघात हे त्याचे एक प्रमुख कारण होय. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यात या आजाराला आणखी एक बाजू आहे. मुलगा-सून सकाळच्या लोकलने मुंबईकडे निघून जातात आणि दिवसभर घरात आजी-आजोबाच एकमेकांना सांभाळतात. म्हणूनच ‘फिट आली की कळवणारे घड्याळ बाबांना घेऊन द्यावे का?’ असा प्रश्न हल्ली दवाखान्यात विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर नाडीपासून सुरू होते.

हृदयाच्या गतीवर मेंदूतील काही केंद्रांचे नियंत्रण असते. फिटच्या वेळी मेंदूत उसळलेली विद्युत् खळबळ या केंद्रांपर्यंत पोहोचली, की ठोके वेगाने पडू लागतात. बहुतेक मोठ्या फिटमध्ये असे घडते. मेंदूच्या कानशिलाकडील भागातून उद्भवणाऱ्या फिटमध्येही ते वारंवार आढळते. कधी कधी तर हातपाय झटकू लागण्याच्या काही सेकंद आधीच नाडी धावू लागते. या निरीक्षणाचा उपचारातही उपयोग झाला आहे. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात छातीच्या त्वचेखाली एक छोटे यंत्र बसवून मानेतील व्हेगस मज्जातंतूला सूक्ष्म विद्युत् स्पंद देतात. २०१५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिलेले त्याचे एक प्रारूप ठोके एकाएकी वाढताच आपणहून जादा स्पंद सोडते. ही वाढ किती असावी, हे डॉक्टर २० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान ठरवून देतात.

परंतु ठोके केवळ फिटमुळेच वाढतात असे नाही. स्थानकाचा पूल चढताना, तापात, भीतीने, वाईट स्वप्नानेही ते वाढतात. म्हणूनच नेदरलँड्समध्ये विकसित झालेला ‘नाइटवॉच’ हा दंडावर बांधायचा पट्टा झोपेत ठोके आणि हालचाल या दोहोंवर लक्ष ठेवतो.

ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, रक्तदाब वा हृदयविकारासाठी मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल यांसारखी औषधे चालू असतील, तर ती ठोक्यांना लगाम घालतात. फिट येऊनही नाडी फारशी वाढणार नाही आणि यंत्र मौन राहील. दुसरी, ठोके मुळातच अनियमित असतील किंवा पेसमेकर बसवलेला असेल, तर नाडीवर आधारलेला इशारा भरवशाचा राहत नाही. तिसरी, बाजारातील सर्वसाधारण स्मार्ट घड्याळे फिट ओळखण्यासाठी बनवलेली नसतात. उदाहरणार्थ, अॅपलचे घड्याळ वाढलेल्या ठोक्यांची सूचना देते, ती व्यक्ती सुमारे दहा मिनिटे स्वस्थ असतानाही ठोके चढेच राहिले तर. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत थांबतात.

मग नाडी पाहण्यात अर्थ नाही काय? आहे, आणि मोठा आहे. उतारवयात शुद्ध हरपून कोसळणारी प्रत्येक व्यक्ती अपस्मारानेच कोसळते असे नाही. हृदयाचे ठोके अतिशय मंदावले किंवा काही क्षण थांबले, तरी माणूस पांढराफटक पडून कोसळतो, त्याचे हातपाय काही सेकंद झटकतात आणि पाहणाऱ्यास ती फिट वाटते. असा रुग्ण बहुधा लवकर भानावर येतो. फिटनंतर मात्र बराच वेळ गोंधळलेली अवस्था राहते. जीभ कडेला चावली गेलेली असू शकते. पहिल्या प्रकारात उपाय कदाचित पेसमेकरचा असतो. तेथे फिटच्या गोळ्या देत राहिल्यास खरा धोका झाकला जातो. म्हणून पहिल्यांदा शुद्ध हरपल्यास ईसीजी अवश्य काढून घ्यावा.

सोबत असणाऱ्याने काय करावे? प्रथम घड्याळात वेळ पाहावी. रुग्णाला जमिनीवरच कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, चष्मा काढावा. तोंडात चमचा घालू नये. कांदा वा चप्पल हुंगवू नये. हातपाय दाबून धरू नयेत. झटके थांबल्यावर मनगटाची नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावी आणि वहीत तारीख, वेळ, झटक्यांचा कालावधी यांसह लिहून ठेवावी. दुसरे कोणी जवळ असल्यास मोबाइलवर चित्रीकरण करावे. घड्याळ वापरत असाल, तर त्या वेळचा आलेखही डॉक्टरांना दाखवावा. फिट पाच मिनिटांहून अधिक लांबल्यास, शुद्ध न येता दुसरी आल्यास, श्वास अडखळल्यास किंवा ती आयुष्यातील पहिलीच फिट असल्यास १०८ वर दूरध्वनी करावा.

घड्याळ घ्यावयाचे असल्यास जरूर घ्यावे; मात्र ते गोळ्यांच्या नियमितपणाची जागा घेऊ शकत नाही. गोळी चुकणे हे फिट पुन्हा येण्याचे अगदी नेहमीचे कारण आहे. आणि एक विचार घड्याळाच्या आधी करावा. इशारा मुलाच्या मोबाइलवर वाजेल, तेव्हा तो कदाचित दादरला असेल. दोन मिनिटांत दार उघडू शकेल तो शेजारी. घराची एक किल्ली त्याच्याकडे आजच देऊन ठेवा आणि रुग्णाला कुशीवर कसे वळवायचे, हेही त्याला दाखवून ठेवा.