फोटो नको

"पिशवी छातीशी धर. लोंबू द्यायची नाही. काकांचा हात पिशवीवर आहे तोवर समोर बघायचं, मग थँक्यू म्हणायचं."

गेल्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या दुपारी, आमच्या भागातल्या एका बालगृहाच्या व्हरांड्यात दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा नव्यानं आलेल्या धाकट्याला हे शिकवत होता. धाकट्याचं सगळं लक्ष पिशवीच्या गाठीकडं. थोरला मात्र सरावलेला. लहान पोरं पुढं, उंच मागं, फ्लेक्सवरचं नाव झाकायचं नाही, हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. त्या दिवसातला तो तिसरा फराळ होता. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत नऊ मंडळं येऊन गेली, असं तिथल्या काळजीवाहक मावशींनी नंतर सांगितलं. तुळशीच्या लग्नानंतर कोण येतं, असं विचारल्यावर त्या हसल्या. "येतात की, संक्रांतीला. तिळगूळवाले."

तो व्हरांडा वर्षभर डोक्यातून गेला नाही. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकाचं संपादकीय त्याच्यावर. वर्षात बाकी काही घडलं नाही असं नाही. प्रतापगड जागतिक वारशाच्या यादीत गेला. पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला तसा परतही गेला. इस्लामपूरचं ईश्वरपूर करायचं ठरलं. 99वं साहित्य संमेलन साताऱ्यात भरायचं ठरलं आणि विश्वास पाटील अध्यक्ष झाले. त्यावर आत एक खुसखुशीत लेख आहे, तो जरूर वाचा. आणि जुलैत साताऱ्याच्या वर्षा देशपांडे यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. याआधी तो भारतात इंदिरा गांधी आणि जे. आर. डी. टाटा यांनाच वैयक्तिकरीत्या मिळाला होता. एवढ्या बातमीला आपल्याकडं जितके फटाके वाजायला हवे होते, तितके काही वाजले नाहीत. गर्भलिंगनिदान करणाऱ्यांना रंगेहाथ पकडून देणाऱ्या बाईचं कौतुक करताना गावोगावच्या प्रतिष्ठितांची जरा अडचण होत असावी.

असो. व्हरांड्याकडं वळू.

बालगृहातल्या मुलांना आपण सरसकट 'अनाथ' म्हणतो. फ्लेक्सवर तर तोच शब्द मोठ्या टायपात असतो. प्रत्यक्षात यातल्या कितीतरी मुलांची आई किंवा बाप, कधी दोघंही हयात असतात. बाप दारूत बुडालेला असतो, आई दुसऱ्याच्या शेतावर किंवा कोयत्याच्या टोळीबरोबर कारखान्याच्या तळावर. कुणी घरातला मार चुकवून मिरज स्टेशनवर उतरलेला असतो. कायद्यात यांना 'काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालकं' असं लांबलचक नाव आहे. असं मूल सापडलं की 24 तासांत बालकल्याण समितीपुढं न्यायचं आणि पुढं काय ते समितीनं ठरवायचं. नाव बोजड खरं, पण त्यात मुलाचा अपमान नाही.

त्याच कायद्यात, म्हणजे 2015च्या बाल न्याय कायद्यात, कलम 74 आहे. अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायचं किंवा दाखवायचं नाही. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता गेल्या दिवाळीतले आपापल्या मोबाइलमधले ग्रुप उघडा आणि मोजा.

आम्ही कुठल्या तोंडानं बोलतोय, असं कुणी विचारेल. विचारावंच. आठ वर्षांपूर्वी आमच्याच दिवाळी अंकात आम्ही असा एक फोटो छापला होता, अर्ध्या पानाचा, खाली 'आनंदाचे क्षण'. त्यातला एक मुलगा तेव्हा सातवीत होता. वर्गातल्या कुणाच्या तरी घरी आपला अंक येत होता. पुढं दहावीपर्यंत त्याला वर्गात कोणत्या नावानं हाक मारत, हे तो गेल्या वर्षी भेटला तेव्हा मोजक्या शब्दांत सांगून गेला. माफी मागितली तर म्हणाला, "तुमचं काय, सगळेच छापतात." याहून त्याला राग आला असता तर बरं वाटलं असतं.

हे काही आपल्याला नव्यानं शिकायला नको. सावित्रीबाई आपल्या नायगावच्या, खंडाळा तालुक्यातल्या. जोतीरावांचं मूळ गाव खटावमधलं कटगुण. या दोघांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा तिथं येणाऱ्या विधवांना पहिला शब्द दिला होता तो गुप्ततेचा. बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवा, बोभाटा होणार नाही. काशीबाई नावाच्या एका विधवेचं मूल त्यांनी स्वतःच दत्तक घेतलं, आणि तो यशवंत पुढं डॉक्टर झाला. दीडशे वर्षांपूर्वी, निंदा आणि शेणाचे गोळे झेलत, ज्यांना हे सुचलं, त्यांच्या जिल्ह्यातले आम्ही. आणि आम्हाला एवढी साधी गोष्ट कळू नये?

यंदाच्या अंकाचा विषय 'नाव' आहे, हे मुखपृष्ठावर तुम्ही पाहिलंच असेल. विषय ठरला तो ईश्वरपूरमुळं, हे कबूल करतो. पण नावाबद्दल बोलताना साताऱ्याला 22 ऑक्टोबर 2011 विसरता येत नाही. त्या दिवशी जिल्ह्यातल्या 285 'नकुशीं'ना, म्हणजे नको असताना जन्मली म्हणून तेच नाव पडलेल्या मुलींना, समारंभपूर्वक नवी नावं दिली गेली. चांगलंच काम होतं. बातम्यांत मात्र काही मुलींचं जुनं नाव आणि नवं नाव शेजारी शेजारी छापून आलं, फोटोसकट. ज्या नावातून सुटायचं, तेच कायमचं चिकटवून ठेवायची ही आपली तऱ्हा.

फोटोवर एवढं का घसरतोय? कारण या मुलांना खरं जे लागतं ते फोटोत येत नाही. एका समुपदेशक ताईंनी सांगितलेली हकिकत. एका मुलाच्या गादीखालून पौषात मुंग्यांची रांग निघाली. गादी उचलली तर दिवाळीतले बेसनाचे लाडू, चकल्यांचा भुगा, अर्ध्या चपात्या. मावशींनी बोलबोल बोलून सगळं फेकलं. आठ दिवसांनी पुन्हा तेच. ताईंनी फेकायचं बंद करायला सांगितलं. ज्याच्या घरात पुढच्या जेवणाचा कधी भरवसा नव्हता, ते पोर ताटातलं लपवणारच. ती चोरी नाही आणि खोडही नाही. त्यांनी झाकणाचा एक स्टीलचा डबा आणला, त्याच्याकडूनच त्यावर खिळ्यानं नाव कोरून घेतलं आणि रोज रात्री त्यात दोन बिस्किटं ठेवायची व्यवस्था केली. पहिले काही आठवडे तो झोपण्याआधी तीन-तीनदा उघडून बघे. पुढं पुढं उघडायचं विसरू लागला. मग ताईंचा करार संपला. नव्या ताई आल्या त्या आठवड्यात डबा पुन्हा गादीखाली गेला.

समुपदेशकाची नोकरी बहुधा कंत्राटी असते, पगार तुटपुंजा. आणि उपचारासाठी मोठं मनोरुग्णालय गाठायचं तर येरवडा नाहीतर रत्नागिरी. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं 2015-16 मध्ये 13 ते 17 वयातल्या 7.3 टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचं नोंदवलं, पण त्या पाहणीतल्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. म्हणजे आपल्याकडचा आकडा काय, ते ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन' हे व्यसनमुक्तीचं काम उभं केलं, आज डॉ. हमीद दाभोलकर ते पुढं नेत आहेत. बालगृहात वाढणाऱ्या मुलाच्या संदर्भात मला हे काम लाडवांच्या शंभर पिशव्यांपेक्षा जवळचं वाटतं. बापाची बाटली सुटली तर मूल व्हरांड्यात येतंच कशाला?

तसंच बालसंगोपन योजनेचं. तिलाही नाव सावित्रीबाईंचंच आहे. विधवा, परित्यक्ता किंवा हलाखीतल्या पालकाला महिन्याला 2250 रुपये मिळतात, आणि मूल आपल्या घरीच राहतं. पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, बँकेचं पासबुक. आणि दर वेळी तालुक्याला खेटा घातला की बाईची एक दिवसाची मजुरी बुडते. मंडळाच्या चार पोरांनी मोटारसायकल काढून गल्लीतल्या एका बाईचे कागद जरी पुरे करून दिले, तरी एक मूल बालगृहाच्या वाटेला लागायचं वाचेल. त्या कामाचा फोटो काढण्यासारखा नसतो, तहसील कचेरीच्या रांगेचा काय काढणार? रस्त्यात भांबावलेलं मूल दिसलं तर 1098 लावायचा, हेही या निमित्तानं लिहून ठेवा.

फराळ देऊ नका असं माझं म्हणणं नाही. द्या. पण आषाढात या, शाळेच्या दप्तराचे बंद तुटलेले असतात तेव्हा. अधीक्षकांना विचारून या, मोबाइल खिशात ठेवा, आणि पुन्हा या. तोच माणूस पुन्हा.

जाता जाता व्यवहाराची एक गोष्ट. यंदा ऑगस्टात एका जाहिरातदारांनी शुभेच्छांची अर्ध्या पानाची जाहिरात पाठवली. मधोमध ते स्वतः, भोवती पिशव्या छातीशी धरलेली सतरा मुलं. फोटो बदलून द्या, असं कळवलं. ते म्हणाले, मुलांशिवाय जाहिरातीला अर्थ काय. दोनदा फोन झाले, तिसऱ्यांदा त्यांनी घेतला नाही. त्या अर्ध्या पानावर, पान 112 वर, आता शब्दकोडं आहे. उत्तरं शेवटच्या पानावर उलटी छापली आहेत.